रस्तेदुरुस्तीच्या खात्यातून पुरा झालेला चित्रपट : सरकारी पैसा आणि कला यांचं एक प्रकरण

पश्चिम बंगाल सरकारच्या दप्तरात १९५४ च्या सुमारास एक रक्कम रस्ते सुधारणेसाठी म्हणून दाखवली गेली. तिच्यातून कुठल्या रस्त्यावर खडी पडली नाही. त्या पैशातून सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पुरा झाला. नावात वाट आहे, कथेत खेडं आहे, तेव्हा रस्ते आणि ग्रामविकासाच्या आसपास हे कुठंतरी बसेल, असा हिशेब कुणा अधिकाऱ्यानं केला असणार. सरकारी कचेरीत कधी फाईल हलवलेल्या माणसाला यात फारसं हसू येणार नाही. कथापटाला पैसे द्यायला सरकारकडे लेखाशीर्षच नव्हतं, आणि शीर्ष नसलं की पैसा सुटत नाही. मग असलेल्या शीर्षांतलं जवळचं शोधायचं.

कलेवर सरकारनं खर्च करावा की नाही, हा वाद निघाला की हे उदाहरण हमखास येतं. बाजूनं बोलणारे म्हणतात, सरकारनं हात दिला म्हणून राय उभे राहिले. विरोधात बोलणारे म्हणतात, तो योगायोग होता, त्यावरून धोरण ठरवू नका. दोघांचंही अर्धं खरं आहे, पण व्यवहार नेमका काय झाला हे दोघंही सांगत नाहीत. पैसा कुणी, कधी, कशाच्या बदल्यात दिला आणि शेवटी नफा कुणाच्या पदरात पडला, हे क्रमानं पाहिलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं. चित्रपटाच्या थोरवीबद्दल आता वाद उरलेला नाही. त्यामुळे ती बाजूला ठेवून निव्वळ व्यवहारावर बोलता येतं.

पैसा संपेपर्यंत

राय तेव्हा डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीच्या कोलकाता कचेरीत चित्रकार म्हणून नोकरीला होते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीची मुलांसाठी एक संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रं त्यांनी काढली होती, आणि त्या कामातच चित्रपटाची कल्पना डोक्यात शिरली. दोनेक वर्षं त्यांनी निर्मात्यांचे उंबरे झिजवले. हातात रीतसर पटकथा नव्हती. चित्रांची आणि टिपणांची एक वही होती, ती दाखवत ते हिंडत. गाणी नाहीत, नावाजलेले नट नाहीत, दिग्दर्शकानं आधी एकही चित्रपट केलेला नाही. छायालेखक सुब्रत मित्र जेमतेम विशीतला, आणि त्यानं चलचित्राचा कॅमेरा कधी चालवलेला नाही. त्यात स्टुडिओ सोडून खऱ्या गावात, खऱ्या पावसात चित्रण करायचं. निर्माते नाही म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. कलेची कदर नसलेले व्यापारी म्हणून त्या मंडळींना नावं ठेवणं सोपं आहे, पण घातलेला पैसा परत आणणं हे त्यांचं काम होतं आणि समोर आलेला प्रस्ताव अडाणी वाटावा असाच होता.

मग रायनी स्वतःच्या विम्यावर कर्ज काढलं, नातेवाइकांकडून उसने घेतले, हौसेनं जमवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या. पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी पहिलं चित्रण झालं, ते काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या शेतात कथेतल्या अपू आणि दुर्गा या भावंडांचं. नोकरी चालू असल्यामुळे चित्रण सुटीच्या दिवशी. पुढच्या खेपेला मंडळी तिथं पोचली तेव्हा गुरांनी तुरे खाऊन टाकले होते. तो प्रसंग पुरा करायला पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली.

मध्येच एका निर्मात्यानं पैसे घातले. त्याचे दुसरे चित्रपट पडले आणि त्यानं हात आखडता घेतला. काम जवळजवळ वर्षभर ठप्प. चित्रपटाच्या धंद्यात पैसा थांबला की फक्त व्याज चढत नाही. अपू करणाऱ्या मुलाचा आवाज फुटू शकतो, दुर्गा करणारी मुलगी डोळ्यांदेखत मोठी होते, आणि इंदिर ठाकरून ही म्हातारी करणाऱ्या चुनीबालादेवी तर ऐंशीच्या घरात होत्या. यांतलं काहीच घडलं नाही, हा मोठा चमत्कार असं राय पुढे सांगत.

सुरुवातीचा अंदाज सत्तर हजार रुपयांच्या आसपास होता. शेवटी खर्च गेला दीड लाखाच्या घरात. तेव्हाच्या मानानंही कथापटासाठी ही रक्कम किरकोळच, पण पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरची.

मुख्यमंत्र्यांपर्यंतची ओळख

इथून पुढचा भाग सरकारी अनुदानाचे समर्थक जरा घाईनं ओलांडतात. अर्ज मागवले गेले नाहीत, निवड समिती बसली नाही, जाहिरात आली नाही. रायच्या आई सुप्रभादेवी यांच्या ओळखीतून गोष्ट मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कानावर गेली. याला आपल्याकडे वशिला म्हणतात. भारतीय सिनेमातला हा सर्वांत फलदायी वशिला असेल, पण वशिला तो वशिलाच.

डॉ. रॉय चित्रपटाचे शौकीन होते असं नाही. ते नामांकित वैद्य. १९४८ ते १९६२ असं सलग, मरेपर्यंत, त्यांनी राज्य चालवलं. दुर्गापूर आणि कल्याणी ही नगरं त्यांच्या काळातली. त्यांनी होकार दिला तो, रायच्या पटकथेचं मर्म कळलं म्हणून दिला असं मानायला आधार नाही. सरकारी माणसांचा समज तर असा दिसतो की हा खेड्यातल्या जीवनावरचा माहितीपट आहे आणि ग्रामोद्धाराच्या प्रचाराला तो उपयोगी पडेल.

शाहू महाराजांनी अल्लादियाँ खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी ठेवलं तेव्हा त्यांना कुणाला कारण द्यायचं नव्हतं. डॉ. रॉय यांनी केलं ते मनोवृत्तीनं तसंच होतं. एका वजनदार माणसाचा शब्द पडला आणि यंत्रणा हलली. फरक इतकाच की इथं तिजोरी लोकांची होती, म्हणून कागदावर काहीतरी कारण लिहावं लागलं, आणि ते रस्त्याचं लिहिलं गेलं. लोकशाहीत राजाश्रय असाच मागच्या दारानं येतो. पुढच्या दारावर नियम उभे असतात आणि त्यांच्या यादीत ही वस्तू नसते.

हे मला खटकतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. राय हे नामवंत बालसाहित्यिक उपेंद्रकिशोर यांचे नातू, कवी सुकुमार राय यांचे चिरंजीव. कोलकात्याच्या सुसंस्कृत ब्राह्मो समाजी घरांमध्ये त्यांना कुणी परकं म्हणणार नव्हतं. ज्याच्या आईची अशी ओळख नव्हती त्याचं काय झालं, याचं उदाहरण त्याच शहरात, त्याच वर्षांत आहे. त्याकडे पुढे येतो.

अटी

सरकारनं पैसे दिले ते हप्त्यांनी. एका टप्प्याचा हिशेब दिला की पुढचा हप्ता. लेखापरीक्षणाच्या दृष्टीनं यात चूक काढता येत नाही. पण पाऊस हप्ता बघून पडत नाही. पावसातलं दृश्य घ्यायचं तर पावसाळ्यात हातात पैसा नव्हता, आणि पैसा आला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता, आभाळ निरभ्र. मुलांना घेऊन मंडळी रोज गावात जाऊन बसायची, एखादी सर येईल या आशेवर. अखेर एक दिवस ती आली. भिजून कुडकुडणाऱ्या मुलांना दुधातून ब्रँडी द्यावी लागली. पडद्यावर तो पाऊस पाहताना हे काही जाणवत नाही, पण निधी मंजूर करणाऱ्यांनी या प्रसंगाची नोंद ठेवायला हरकत नाही. मोसमी काम असेल तर रक्कम थोडी कमी दिली तरी चालेल, वेळेवर द्या.

दुसरी अट शेवटाची. कुटुंब घर सोडून बैलगाडीतून निघून जातं, असा शेवट. हा फार उदास होतो, त्याऐवजी गावकरी एकत्र येतात, विकासाच्या कामाला लागतात, घर पुन्हा उभं राहतं, असं काही दाखवता येईल का, अशी सूचना सरकारी बाजूनं आली. पंचवार्षिक योजनेचे ते दिवस, सामूहिक विकासाचा गजर चाललेला. रायनी शेवट बदलला नाही, आणि सरकारनं रेटलंही नाही. या प्रकरणात सरकारच्या बाजूनं एकच गोष्ट निःसंशय सांगायची असेल तर मी ही सांगेन. पैसे देऊन झाल्यावर दबाव टाकायची संधी होती, सूचनाही करून झाली होती, तरी हट्ट धरला नाही. उदारपणामुळे की दुर्लक्षामुळे, हे ठरवणं कठीण आहे. दीड लाखाच्या एका कामाकडे मुख्यमंत्र्यांचं फारसं लक्ष नसावं आणि बहुधा त्यातच चित्रपट वाचला.

तिसरी अट सर्वांत महागाची, आणि तिच्याकडे तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. चित्रपट सरकारच्या मालकीचा झाला. कागदोपत्री कर्ज म्हणा की मदत, प्रत्यक्षात ही खरेदी होती. निर्माता म्हणून नाव पश्चिम बंगाल सरकारचं. स्वतःचा विमा, बायकोचे दागिने आणि तीन वर्षांच्या सुट्या घालून रायनी जे उभं केलं, त्याच्या उत्पन्नात त्यांचा वाटा राहिला नाही. काम अर्धवट राहण्यापेक्षा काहीही परवडलं, अशा अवस्थेत करार करणाऱ्याची घासाघीस करायची ताकद शून्य असते. खासगी सावकारानं हेच केलं असतं तर आपण त्याला दुसऱ्या शब्दानं ओळखलं असतं.

प्रदर्शन

१९५४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे मन्रो व्हीलर कोलकात्यात आले होते. त्यांनी चित्रपटाची छायाचित्रं पाहिली आणि तयार झाला तर आमच्याकडे दाखवू म्हणाले. काही महिन्यांनी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन येऊन कच्चं संकलन पाहून गेले आणि त्यांनीही चांगला शब्द टाकला. बाहेरच्या माणसांना अपुऱ्या फितीवरून जे दिसलं ते दाखवायला घरातही कुणाला बोलवता आलं असतं, पण तसं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

३ मे १९५५ रोजी चित्रपट न्यूयॉर्कला दाखवला गेला, इंग्रजी उपशीर्षकांशिवाय. कोलकात्यात २६ ऑगस्ट १९५५ रोजी ‘बसुश्री’ला लागला. पहिले काही दिवस थंड गेले, मग तोंडी प्रसिद्धीवर गर्दी वाढली. पण चित्रपटगृह ठरावीक आठवड्यांसाठीच मिळालं होतं आणि त्यानंतर मद्रासच्या एस. एस. वासन यांचा ‘इन्सानियत’ लागायचा होता. वासन स्वतः रायच्या घरी आले आणि म्हणाले, हा चित्रपट आधी पाहिला असता तर माझा पुढे ढकलला असता. व्यापारी सिनेमा आणि कलेचा सिनेमा यांच्यातलं हाडवैर ज्यांना प्रिय आहे, त्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

पुढचा अडथळा सरकारच्याच दुसऱ्या हातानं आणला. कानच्या महोत्सवाला हा चित्रपट पाठवायचा म्हटल्यावर, जगापुढे भारताचं दारिद्र्य कशाला मांडायचं, असा आक्षेप सरकारी वर्तुळातून निघाला. डॉ. रॉय यांनी पंतप्रधान नेहरूंसाठी कोलकात्यात खास खेळ ठेवला होता आणि चित्रपट नेहरूंच्या मनात भरला होता. त्यांच्या संमतीनं तो गेला. पुन्हा तीच तऱ्हा. वरच्या एका माणसानं मान डोलावली म्हणून दार उघडलं. १९५६ साली कानमध्ये त्याला ‘सर्वोत्तम मानवी दस्तऐवज’ असा सन्मान मिळाला. देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. हे पदक पहिल्यांदा दिलं गेलं ते दोन वर्षांपूर्वी, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. म्हणजे केंद्र सरकार चित्रपटाला बक्षीस द्यायला शिकलं होतं, पण तो घडवायला पैसा देण्याची सोय अजून झालेली नव्हती. दारिद्र्य विकल्याचा आरोप मात्र रायच्या मागे कायमचा लागला. १९८० साली राज्यसभेच्या सदस्य झालेल्या नर्गिस दत्त यांनी तो पुन्हा केला, तोवर चित्रपट पंचविशीत पोचला होता.

हिशेब

१९५८ साली चित्रपट न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू प्लेहाउसला लागला आणि आठ महिने चालला. अमेरिकेतल्या या पहिल्या फेरीतून पश्चिम बंगाल सरकारला सुमारे ५० हजार डॉलरचा नफा झाला. तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता. म्हणजे जवळपास दोन लाख अडतीस हजार रुपये, एकूण निर्मितीखर्चाच्या दीडपटीहून जास्त, तेही एकाच देशातून. देशातलं उत्पन्न वेगळं. सरकारच्या साऱ्या खात्यांत त्या दशकात इतका परतावा देणारं दुसरं काम सापडणं मुश्कील असावं, निदान रस्त्याचं तरी सापडणार नाही.

यावरून ‘कलेत पैसा घाला, दामदुप्पट मिळते’ असं सांगणारे लोक मला या विषयातले सर्वांत धोकादायक मित्र वाटतात. नफ्याच्या जोरावर अनुदानाचं समर्थन केलं की पुढचा चित्रपट पडल्यावर तेच समर्थन उलटतं. पुढचे पुष्कळ चित्रपट पडतातच. सरकारी पैशावर निघालेल्या किती चित्रपटांची नावं आज कुणाला आठवतात? आठवतं ते यशस्वी झालेलं, आणि उदाहरण म्हणून तेच पुन्हा पुन्हा दिलं जातं. मीही इथं तेच करतोय.

मला या हिशेबात दुसरीच गोष्ट दिसते. आपण म्हणतो की सरकारनं कलावंताला अनुदान दिलं. पैशाची दिशा पाहिली तर उलटं आहे. सर्वांत जोखमीचा, पहिला पैसा कलावंताचा. मधला पैसा एका बुडालेल्या निर्मात्याचा. सरकार आलं तेव्हा काही भाग चित्रित झाला होता, दाखवायला काहीतरी होतं. उत्पन्न मात्र सगळं शेवटी आलेल्याचं. जाहिरात कंपनीतल्या एका पगारदारानं राज्य सरकारला अनुदान दिलं, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही. रायनाही बहुधा याची जाणीव होती. त्यांनी पुढचा ‘अपराजित’ सरकारकडे न जाता स्वतःच्या संस्थेतर्फे काढला आणि १९५७ साली व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला.

ज्यांना ओळख नव्हती

ऋत्विक घटक यांचा ‘नागरिक’ १९५२ साली पुरा झाला. ‘पथेर पांचाली’च्या पहिल्या दृश्याच्याच वर्षी. फाळणीनंतरच्या कोलकात्यातल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबाची घसरण त्यात आहे. घटक मूळचे ढाक्याचे, इप्टा या डाव्या नाट्यचळवळीतले. चित्रपट तयार होता, पण तो लोकांपुढे आणायला कुणी पुढे आलं नाही. तो प्रदर्शित झाला १९७७ साली, घटक वारल्यानंतर दीड वर्षानं. ‘नागरिक’ वेळेवर लागला असता तर भारतीय सिनेमाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता असं म्हणणारे आहेत. त्या जर-तरमध्ये मी शिरत नाही. पण ‘सरकारनं पैसा दिला नसता तरी चांगली कलाकृती आपली वाट काढतेच’ या लाडक्या समजुतीला इथं उत्तर मिळतं. कधी काढते, कधी पंचवीस वर्षं डब्यात पडून राहते.

दुसरीकडे, विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा याच काळातून निघतो. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनच्या फलाटांवर तेव्हा पूर्व बंगालचे निर्वासित संसार मांडून बसले होते. १९४३ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती. अशा राज्यानं सार्वजनिक तिजोरीतून कथापटाला दीड लाख द्यावेत का? हा प्रश्न कलाद्वेष्ट्याचा नाही. तो कुणाही शहाण्या करदात्याचा आहे. ‘माणूस केवळ भाकरीवर जगत नाही’ छापाचं उत्तर त्या फलाटावर उभं राहून देता आलं नसतं. मला एवढंच म्हणता येतं की त्या दीड लाखानं निर्वासितांचा प्रश्न सुटणार नव्हता, आणि खेड्यातली भूक म्हणजे काय हे शहरी प्रेक्षकाला त्या सरकारच्या कुठल्याही पत्रकापेक्षा या चित्रपटानं अधिक दाखवलं. मुद्दा त्यामुळे खोडला जात नाही, थोडा हलका होतो इतकंच.

सरकारशिवायचे मार्गही आहेत. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून ‘मंथन’ काढला. पण त्यामागे आधीच उभी असलेली सहकारी संस्था होती. चित्रांची वही घेऊन हिंडणाऱ्या एकट्या माणसाच्या मागे पाच लाख माणसं नसतात.

मग योजना आल्या

स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीनं चित्रपटांसाठी वित्तसंस्था असावी अशी शिफारस १९५१ सालीच केली होती. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन प्रत्यक्षात आली १९६० साली. पुण्यात प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूटही त्याच वर्षी. वशिल्याची जागा अर्जानं घेतली, आणि हे चांगलंच झालं. १९६९ साली मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ त्याच पैशातून निघाला.

पण ‘पथेर पांचाली’चा प्रस्ताव या नव्या खिडकीवर ठेवून पाहू. सोबत पटकथा जोडा. पटकथा नाही. दिग्दर्शकाचं आधीचं काम? नाही. छायालेखकाचा अनुभव? नाही. प्रमुख कलाकार? ऐंशी वर्षांच्या एक निवृत्त नटी आणि दोन मुलं. चित्रीकरणाचं वेळापत्रक? काशाला तुरे येतील तेव्हा. समितीतला सर्वांत सहृदय सदस्यही या अर्जावर ‘त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावा’ असा शेरा मारेल, आणि नियमानं तो बरोबरच असेल.

महाराष्ट्रानं वेगळी वाट धरली. १९७५ सालापासून मराठी चित्रपटाला करमणूक कराचा परतावा मिळू लागला. यात समितीच्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नव्हता. तिकिटं जितकी खपली तितका कर, जितका कर तितका परतावा. उघडच आहे की ज्याचा चित्रपट तुफान चालला त्याला सर्वांत जास्त मिळणार, आणि ज्याला खरी गरज त्याला सर्वांत कमी. पुढे दर्जा ठरवून अनुदान देण्याची पद्धत आली. चित्रपट आधी पुरा करा, समिती पाहील, दर्जा देईल, मग पैसे. यात करदात्याची जोखीम कमी, पण चित्रपट पुरा करण्याइतका पैसा ज्याच्याकडे आधीच आहे तोच या दारापर्यंत पोचतो. १९५३ सालच्या रायना या योजनेचा काहीच उपयोग झाला नसता. वर्षभर ठप्प पडलेलं काम आणि गहाण दागिने, यांच्यासाठी तिच्यात रकाना नाही.

मला विचाराल तर सरकारी पैशाचा सर्वांत चांगला वापर आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेनं केला आहे. १९५४ साली, म्हणजे तिकडे बंगालमध्ये रस्त्याच्या नावावर पैसे दिले जात होते तेव्हाच, ती सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बँकेत, शाळेत, गिरणीत काम करणाऱ्या हौशी मंडळींना दरवर्षी एक तारीख, एक रंगमंच आणि परीक्षक मिळाले. परीक्षक पाहतात ते उभं राहिलेलं नाटक, नुसता कागद नव्हे. तिथली बहुतेक नाटकं सामान्य असतात, काही वाईट असतात, परीक्षकांच्या निकालावर दरवर्षी भांडणं होतात. पण सोलापूरच्या किंवा चंद्रपूरच्या मुलाला तिथं पोचायला मुख्यमंत्र्यांची ओळख लागत नाही. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धांनीही हेच काम केलं. अर्थात याच सरकारचं नाट्यपरिनिरीक्षण मंडळ दुसऱ्या हातानं संहितांवर लाल रेघा ओढत होतं, आणि १९७० च्या दशकात तेंडुलकरांच्या नाटकासाठी निर्मात्याला न्यायालयात जावं लागलं, हेही याच पानावर लिहिलं पाहिजे.

रायचा सरकारी पैशाशी पुढे संबंध येत राहिला आणि तो एकसारखा नव्हता. सिक्कीमच्या चोग्यालनी, म्हणजे तिथल्या राजानं, त्यांच्याकडून १९७१ साली माहितीपट करून घेतला. सिक्कीम भारतात विलीन झाल्यावर त्यावर बंदी आली, ती २०१० साली उठली. १९८० साली पश्चिम बंगाल सरकारनंच, आता डाव्या आघाडीच्या, ‘हीरक राजार देशे’ काढला. त्यात शाळा बंद करणारा, लोकांच्या डोक्यात घोषणा कोंबणारा राजा आहे आणि शेवटी प्रजा त्याचा पुतळा दोरानं ओढून पाडते. आणीबाणीवरचं ते रूपक होतं, म्हणजे खिल्ली विरोधकाची होती. सत्ताधाऱ्यांवरच्या तशाच रूपकाला त्यांनी तितक्याच तत्परतेनं पैसे दिले असते का, याची परीक्षा झाली नाही.

१९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि ‘पथेर पांचाली’पासून सुरू होणाऱ्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह त्यात होरपळल्या. पुढे अमेरिकेतल्या, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचं संग्रहालय आणि क्रायटेरियन ही खासगी कंपनी यांनी इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांकडून त्या फितीचा तुकडा न् तुकडा साफ करून घेतला. २०१५ साली ‘पथेर पांचाली’ पुन्हा जगभर लागला. मालकी सरकारकडे ठेवण्याचं जे एकमेव चांगलं कारण देता आलं असतं, की सरकार तो जपेल, तेही इथं लागू पडत नाही.

म्हणून उद्या एखाद्या राज्याला अर्धवट अडकलेल्या कामांसाठी निधी काढायचा असेल, आणि तो काढावा असं माझं स्पष्ट मत आहे, तर करारात दोन कलमं आधी लिहावीत. पटकथेऐवजी तयार झालेला अर्धा तास पाहून निर्णय व्हावा आणि पाहणाऱ्यांत निदान एक जण त्या राज्याबाहेरचा असावा. आणि सरकारची रक्कम वसूल झाली की त्या दिवसापासून हक्क दिग्दर्शकाकडे परत जावेत, त्यासाठी वेगळा अर्ज करायची गरज पडू नये. १९५८ सालच्या न्यूयॉर्कच्या त्या आठ महिन्यांत हे दुसरं कलम अमलात आलं असतं.